रात्री दीडची डोकेदुखी : क्लस्टर हेडेकवाले कुणी आहे का? (सांगली-मिरज-तासगाव)

बेदाणा
१२ ऑक्टोबर, रात्री ३.०५

झोप उडालीच आहे, म्हणून लिहून टाकतो. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. फळछाटणी झाली, काडी फुटावी म्हणून तिला पेस्ट लावायची घाई चाललीय आणि नेमकं याच दिवसांत माझं दुखणं उठतं. गेली काही वर्षं हेच चाललंय. दोन-अडीच महिने छळतं आणि मग असं गायब होतं की पुढच्या छाटणीपर्यंत त्याची आठवणही राहत नाही.

उजव्या डोळ्याच्या मागं, कानशिलापर्यंत. डावीकडं कधीच नाही. झोप लागून तास-दीड तास झाला की जाग येते ती दुखण्यानंच. कुणीतरी छाटणीची कात्री डोळ्यामागं घालून पिरगळतंय असं वाटतं. डोळा लाल होतो, पाणी गळतं, पापणी अर्धी मिटते. उजवी नाकपुडी आधी गच्च, मग तीच वाहायला लागते. आडवं पडणं शक्यच नाही. पडवीत येरझाऱ्या घालतो, खांबावर कपाळ दाबून धरतो. पाऊण-एक तासानं जसं आलं तसं एकदम ओसरतं.

आधी सायनसच्या गोळ्या झाल्या. मग चष्म्याचा नंबर निघाला. मग उजवीकडची वरची दाढ काढली. दाढ गेली, दुखणं तिथंच. यंदा मिरजेत मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे क्लस्टर हेडेक. एमआरआय नॉर्मल आला. चिठ्ठीवर ऑक्सिजन लिहून दिलाय. ऑक्सिजन म्हटल्यावर घरातल्यांचे चेहरे पडले. आई विचारते, एवढं सिरीयस आहे होय?

तर हे दुखणं अजून कुणाला आहे का? आणि आमच्यासारख्या मळ्यात राहणाऱ्यानं घरी ऑक्सिजन ठेवायचा कसा?


भडंग
१२ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

अर्धशिशीच असणार भावा. सुंठ उगाळून कपाळाला लाव आणि अंधाऱ्या खोलीत गप पडून राहा. आमच्या आत्तीला त्यानंच गुण आला. एवढ्याला ऑक्सिजन म्हणजे लय झालं.


तानपुरा
१२ ऑक्टोबर, सकाळी १०.४५

भडंग, आत्तीला गुण आला हे बरंच झालं, पण हे दुखणं वेगळं आहे. अर्धशिशीचा माणूस अंधार शोधतो, पांघरूण ओढून पडून राहतो, हललं तरी त्याचं वाढतं. आमची गत उलटी. आम्हाला बसवत नाही. मी मिरजेत आमच्या गल्लीत रात्री दोनला फेऱ्या मारताना गुरख्यानं हटकलंय मला. अर्धशिशी तासन् तास, कधी दोन-तीन दिवस चालते. हे पंधरा मिनिटं ते तीन तास यातच संपतं. पण एका दिवसात परत परत येऊ शकतं, आठ वेळांपर्यंत.

बेदाणा, दाढेचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. आम्हा क्लस्टरवाल्यांत दाढ शाबूत असलेला माणूस क्वचित सापडतो. माझ्या तर दाढेचं रूट कॅनल झालं, वर नाकाचं हाड वाकडं आहे म्हणून ऑपरेशनची तारीखही ठरली होती. तारखेच्या आधीच दुखणं आपोआप थांबलं म्हणून ते टळलं. हंगाम संपला होता, दुसरं काय. पण त्यामुळंच फसगत होते. जे औषध शेवटी चालू असतं त्यालाच श्रेय जातं. माझ्या बाबतीत ते एका काढ्याला मिळालं आणि पुढच्या वर्षी त्याच काढ्याच्या बाटल्या रिकाम्या करत मी महिना घालवला.

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा नाद सोडा. गोळी पोटात जाऊन रक्तात उतरेपर्यंत झटका आपणहून संपलेला असतो. आपल्याला वाटतं गोळीनं थांबलं. रोज खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड जातं ते वेगळंच, शिवाय गोळ्यांमुळंच नवी डोकेदुखी मागं लागते.

ऑक्सिजनचं मात्र मी शपथेवर सांगतो. माझ्यासाठी या दुखण्याचे दोनच भाग आहेत, सिलिंडर घरी येण्याआधीचा आणि नंतरचा.


ऊसवाला
१२ ऑक्टोबर, दुपारी १.१५

वाचतोय. आमच्या चुलत्यांना असंच व्हायचं, डोक्याला उपरणं करकचून आवळून बसायचे. त्यांना कुणी हे नावसुद्धा सांगितलं नाही.


ओपीडी
१२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो. इथं कुणाला औषध लिहून देणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करतो.

हा आजार हजारात साधारण एकाला असतो. म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड मिळून शेकड्यांनी लोक असणार, आणि त्यांतले कित्येक अजून सायनसच्या किंवा अर्धशिशीच्या फाइलमध्ये अडकलेले. निदानाला कुठलीही रक्ततपासणी नाही, ते ऐकूनच करावं लागतं. कायम एकाच बाजूला, डोळ्याभोवती किंवा कानशिलात, अतिशय तीव्र, आणि त्याच बाजूचा डोळा-नाक वाहणं, पापणी सुजणं किंवा उतरणं, कपाळाला घाम, जिवाची तगमग. एमआरआय कशासाठी? पिट्युटरी ग्रंथीजवळची गाठ किंवा रक्तवाहिनीचा दोष कधी कधी हुबेहूब असंच दुखणं आणतो, ते वगळायला. म्हणून निदान पक्कं वाटलं तरी एकदा काढावा.

बेदाणा यांनी लिहिलेली वेळ बघा. झोपेनंतर तास-दीड तासानं, आणि वर्षातल्या ठराविक महिन्यांत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, झोप-जागेची लय तो सांभाळतो. १९९८ साली लंडनमध्ये झटका चालू असताना पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारी तपासणी) केले गेले, तेव्हा नेमका हाच भाग पेटलेला दिसला. तिथून पुढं चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस आणि डोळ्या-नाकातून पाणी काढणाऱ्या नसा एकदम चाळवतात. त्यामुळं नाक वाहतं ते सर्दीचं नव्हे, आणि दाढ दुखते ती दाढेची नव्हे.

जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत हॉर्टनची डोकेदुखी असं सापडेल. मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये रुग्णांचं सविस्तर वर्णन छापलं, त्यावरून ते नाव पडलं.

ऑक्सिजनबद्दल भडंग यांना शंका आहे, रास्त आहे. २००९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली. मास्कमधून मिनिटाला १२ लिटर, पंधरा मिनिटं. कधी ऑक्सिजन, कधी साधी हवा, कुठलं काय हे रुग्णाला माहीत नाही. ऑक्सिजनवर ७८ टक्के झटके पंधरा मिनिटांत थांबले किंवा पुरेसे कमी झाले, साध्या हवेवर २० टक्के. दुष्परिणाम जवळजवळ नाही. जुनाट दम्याचा, सीओपीडीचा रुग्ण असेल तर मात्र आधी छातीच्या डॉक्टरांना विचारूनच.

आईंना सांगा, कोरोनात ऑक्सिजन जीव वाचवायला लागत होता कारण फुप्फुसं काम करत नव्हती. इथं फुप्फुसं ठणठणीत आहेत, ऑक्सिजन हे वेदनेवरचं औषध म्हणून पंधरा मिनिटांपुरतं घ्यायचं आहे.


बेदाणा
१२ ऑक्टोबर, रात्री १०.१०

डॉक्टर, हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. "मग तसं सांगायचं की आधी" म्हणाली.


भडंग
१३ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

बरं, माझी माघार. पण मग आमच्या गणपती मंडळानं कोरोनात घेतलेलं कॉन्सन्ट्रेटर मशीन पडून आहे, ते नेतोस का? फुकट देतो.


हळद
१३ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

भडंगशेठ, मन मोठं आहे तुमचं, पण ते मशीन बहुतेक ५ लिटरचं असणार. इथं पाहिजेत १२. ते बाहेरची हवा गाळून देतं, शुद्धताही ९०-९५ टक्क्यांच्या आसपास. १० लिटरची मशिनंही असतात, काहींना तेवढ्यावर भागतं, पण लाइट गेली की मशीन बंद, आणि मळ्यात रात्रीची लाइट कशी असते ते बेदाण्यांना विचारा. सिलिंडरच घ्या.

२०२१ च्या उन्हाळ्यात मी कुपवाडातून सिलिंडर भरून आणून वाटायचं काम केलंय, त्यामुळं हिशेब डोक्यात आहे. मिनिटाला १२ लिटर गुणिले १५ मिनिटं म्हणजे एका झटक्याला १८० लिटर. बी टाइप, म्हणजे साधारण कमरेएवढा, त्यात सुमारे १५०० लिटर बसतात. आठ झटके. डी टाइप, ज्याला आपण जम्बो म्हणतो, त्यात ७००० लिटर, म्हणजे ३८ च्या आसपास. रोज रात्री एक झटका असेल तर बी टाइप आठवडाभर चालेल. दोन-तीन असतील तर जम्बो घरी आणि बी टाइप बाहेरगावी जाताना. डिपॉझिट ठेवून भाड्यानं मिळतात. डॉक्टरची चिठ्ठी सोबत न्या, त्यावर १२ लिटर आणि पिशवीचा मास्क हे स्पष्ट लिहून घ्या.

मास्कवर बरंच अवलंबून आहे. नाकात दोन नळ्या घालतात ते नको, साधा हिरवा मास्कही नको. खाली प्लॅस्टिकची पिशवी लोंबते तो नॉन-रीब्रीदर मास्क. कोरोनात वॉर्डात पाहिला असेल. आधी पिशवी फुगू द्यायची, मगच तोंडाला लावायचा आणि कडेनं हवा जाणार नाही असा दाबून धरायचा.

आता कळकळीचं. वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर आणू नका, कितीही ओळखीचा असला तरी. व्हॉल्व्हला तेलाचा, ग्रीसचा हात लावू नका. बागायतदाराचे हात म्हणून सांगतोय, पंपाचं ऑइल, पेस्ट काही असेल तर साबणानं धुऊनच. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीनं बांधलेला. चूल, शेगडी, देवघरातली समई-उदबत्ती यांच्यापासून लांब, आणि त्या खोलीत विडी-सिगारेट कुणीही ओढायची नाही, पाहुण्यांनीसुद्धा.


ऊसवाला
१३ ऑक्टोबर, रात्री ८.००

एक आगाऊ प्रश्न. दारू?


तानपुरा
१३ ऑक्टोबर, रात्री ८.२५

हंगामात अर्धा पेगसुद्धा नको. माझा अनुभव, ग्लास संपायच्या आत डोळा चुरचुरायला लागतो. हंगाम संपला की तीच दारू काही करत नाही. मित्रांना हे पटत नाही, त्यांना वाटतं बायकोला घाबरतोय.


ओपीडी
१३ ऑक्टोबर, रात्री ९.१५

तानपुरा यांचा अनुभव पुस्तकाशी जुळतो. हंगामात दारू, हृदयविकारात जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरीनची गोळी आणि काहींना पेट्रोल, रंग, थिनरचा उग्र वास झटका आणू शकतात. बेदाणा, फवारणीचं काम या दोन महिन्यांत दुसऱ्यावर सोपवता आलं तर बघा. आणि पेस्टच्या दिवसांत तर दारू कुणीच घेऊ नये, क्लस्टर असो वा नसो. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड अंगात गेलेलं असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कुणीतरी येतोच.

सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो. सोडावी हे आहेच. पण सोडली की झटके थांबतील असं आश्वासन मी देत नाही.


कृष्णाकाठची
१४ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

मी रुग्णाची बायको म्हणून लिहिते. आमच्या यांना हे आहे, एमआयडीसीत नोकरी, पाळी बदलती. रात्रपाळी लागली की झटक्याची वेळ दुपारी सरकते, कारण झोप दुपारी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीनं हंगामापुरती एकच पाळी दिली, तेव्हापासून निदान कधी येणार ते कळतं.

सुरुवातीला मी फार घाबरायचे. एरवी शांत माणूस, तो डोकं भिंतीवर आपटतोय. मी जवळ जायचे, पाठीवरून हात फिरवायचे, बाम लावू का विचारायचे आणि ते खेकसायचे. नंतर शांत वेळी आम्ही बोलून ठरवलं. आता मी प्रश्न विचारत नाही. सिलिंडर उघडते, मास्क हातात देते, मोबाइलवर पंधरा मिनिटं लावते आणि मुलांच्या खोलीचं दार ओढून घेते. ते खुर्चीत पुढं वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसतात आणि मोठे श्वास घेतात. आठव्या-दहाव्या मिनिटाला खांदे सैल पडलेले दिसतात. मुलांना सांगितलंय की बाबांचं डोकं दुखतं, बाबा रागावलेले नाहीत. सासूबाईंनी दृष्ट काढली, मी आडवी आले नाही. मीठ-मोहरीनं नुकसान तर होत नाही.

एक गोष्ट लिहावी की नको असं झालं होतं. सिलिंडर येण्याच्या आधी एका रात्री हे म्हणाले, असंच चालणार असेल तर संपवलेलं बरं. दुसऱ्या दिवशी मी ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. यांना आवडलं नाही. पण त्यानंतर उपचाराचा वेग बदलला. घरात कुणी असं बोललं तर वेदनेच्या भरात बोलला म्हणून सोडून देऊ नका. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, फुकट, रात्रीसुद्धा लागते, मराठीत बोलतात. मी एकदा स्वतःसाठीच फोन केला होता.


तानपुरा
१४ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

वहिनी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही पुरुष माणसं डॉक्टरांसमोर "थोडं जास्त दुखतं" एवढंच म्हणतो.


पोस्टिंग_जत
१५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४०

मला पण असंच होतं, पण "हा पुरुषांचा आजार, तुमचं टेन्शनचं आहे" असं ऐकून घेतलंय एका ठिकाणी. शाळेत शिकवते. डाव्या डोळ्यातून पाणी, डावं नाक बंद, सगळं तेच. फक्त माझं दहा-पंधरा मिनिटांतच थांबतं आणि दिवसात दहा-बारा वेळा येतं. वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राहते, मुलांना कळू नये म्हणून. हे पण क्लस्टरच का?


ओपीडी
१५ ऑक्टोबर, रात्री १०.२०

ताई, पहिली गोष्ट, हा आजार बायकांनाही होतो. पुरुषांत साधारण तिप्पट दिसतो एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचं वर्णन क्लस्टरच्या भावंडाशी जास्त जुळतं, पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया. झटके दोन ते तीस मिनिटांचे, दिवसात पाचाहून जास्त. फरक एवढ्यासाठी कळायला हवा की त्यावर इंडोमेथॅसिन हे औषध पूर्ण गुण देतं. इतकं की निदान पक्कं करायलाही तेच देऊन बघतात. क्लस्टरवर त्याचा सहसा उपयोग होत नाही. पण ते पोटाला कडक आहे, सोबत पोटाचं औषध लागतं, मूत्रपिंड, रक्तदाब बघावा लागतो. दुकानातून घेऊन सुरू करू नका. दोन आठवडे वहीत लिहा, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कुठला डोळा. ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडं जा.


बेदाणा
२३ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

मंडळी, सिलिंडर आला. बी टाइप, सांगलीतून. परवा रात्री पहिल्यांदा वापरला. मास्क लावल्यावर पाच-सहा मिनिटं काहीच नाही, मनात म्हटलं गेले पैसे. मग पाणी गळायचं थांबलं आणि दुखणं कडेकडेनं उतरत गेलं. पंधरा मिनिटांचा गजर झाला तेव्हा डोळ्यामागं नुसतं जडपण होतं. काल परत आलं, परत गेलं. आई दारात उभी राहून बघत होती.

आता पुढचं. डॉक्टरांनी ईसीजी काढून व्हेरापामिल सुरू केलंय, सोबत दहा-पंधरा दिवस स्टिरॉइड. ऑक्सिजन लागू पडत असताना हे कशाला? आणि बाजाराला जातो तेव्हा सिलिंडर बरोबर नसतो, त्यावेळी काय?


ओपीडी
२३ ऑक्टोबर, रात्री ९.५०

ऑक्सिजन आलेला झटका थांबवतो, उद्याचा अडवत नाही. ते काम व्हेरापामिलचं. मुळात रक्तदाबाची गोळी, पण क्लस्टरमध्ये डोस बराच वर न्यावा लागतो आणि असर यायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्या काळाची सोय म्हणून स्टिरॉइड. काही ठिकाणी त्याऐवजी मानेच्या मागच्या बाजूला नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानेही चांगला फरक पडतो. शुगर असेल तर स्टिरॉइडमध्ये ती उसळते, आधी सांगा.

व्हेरापामिलमध्ये हृदयातला विजेचा प्रवाह मंदावू शकतो. म्हणून डोस वाढवला की दर वेळी ईसीजी, चुकवायचा नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न सांगता दोन्ही एकत्र कदापि नको. बद्धकोष्ठता होईल, पाणी भरपूर प्या. याने भागलं नाही तर लिथियम, टोपिरामेट आहेत. लिथियमला रक्तातलं प्रमाण, थायरॉइड, मूत्रपिंड सतत तपासावं लागतं. २०१९ मध्ये अमेरिकेत गॅल्कनेझुमॅब नावाच्या इंजेक्शनला हंगामी क्लस्टरसाठी मान्यता मिळाली, पण ते महाग आहे आणि मी अजून कुणाला दिलेलं नाही.

बाहेर असताना सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. पंधरा मिनिटांत काम करतं, बहुतेकांना. त्याच औषधाच्या गोळीचा असर उशिरा येतो. नाकातला फवारा दोन्हींच्या मधला. चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त इंजेक्शनं नाहीत, आणि हृदयविकार, लकवा किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर अजिबात नाही. तुमची चाळिशी उलटली असेल आणि तंबाखू असेल तर हृदयाची तपासणी करूनच.

आणि हंगाम संपला की व्हेरापामिल आपल्या मनानं एकदम तोडू नका. डॉक्टर सांगतील तसं उतरवत आणा.


तानपुरा
२३ ऑक्टोबर, रात्री १०.१५

इंजेक्शन सगळीकडं मिळत नाही, मी मिरजेच्या औषधबाजारात आधी फोन करून मागवून ठेवतो. हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी. सिलिंडरचंही तसंच, पहिल्या झटक्यानंतर धावपळ करायची नाही. वर्षभर भाडं कशाला भरायचं, पण दुकानदाराला तारीख देऊन ठेवायची.


भडंग
२४ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

चुलत्यांसारखे लोक आठवले, ऊसवाला. उपरणं आवळून निघून गेले बिचारे.

बेदाणा, मंडळाचं मशीन राहू दे, पण आमच्याकडं एक फ्लोमीटर पण आहे, मिनिटाला किती लिटर जातंय ते दाखवणारा, बाटलीसकट. कोरोनातलाच. तो चालंल का तुला?


हळद
२४ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

चालेल, पण तीन गोष्टी बघून. काचेच्या नळीवर आकडे १५ पर्यंत आहेत का बघा, ५ पर्यंतचा असेल तर उपयोग नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बुलनोज आहे की पिन इंडेक्स ते दुकानदाराला विचारा, दोन्हींचे फ्लोमीटर वेगळे असतात आणि बळजबरीनं बसवायचं नाही. बाटली इतके दिवस पडून असेल तर तिच्यात शेवाळ असणार, ती नवीन घ्या. भडंगशेठ, सांगलीला येताय तर घेऊन या, मी शनिवारी मार्केट यार्डात आहे, लावून बघू.